बीड ते केज, एका बिनदिव्याच्या ट्रॉलीमागे

दिवाळीनंतरचा पहिला शनिवार. दुपारी चारच्या सुमारास बीडहून गाडी काढली, रात्री केजला पोचलो, रविवारी जेवून परत आलो.

अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रस्ता चांगला आहे, सव्वा-दीड तासात माणूस पोचतो. मला फार जास्त वेळ लागला, त्याची ही हकीकत.

माझा धाकटा भाऊ सुधीर केजला राहायचा. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर संध्याकाळी त्याची मोटारसायकल एका ट्रॉलीवर मागून आदळली, तो वाचला नाही. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, पाहणाऱ्यांच्या सांगण्यानुसार नंबरही नव्हता. ती थांबली नाही आणि पुढे सापडलीही नाही. तेव्हापासून मी केजला एसटीनेच जायचो. यंदा पुतणीने फोन केला, "काका, गाडी काय नुसती पुसायला घेतली का?" म्हणून निघालो.

पालीजवळ बिंदुसरा धरणाचं पाणी पाहायला थांबलो. तुम्हीही थांबा, या दिवसांत बरं पाणी असतं. रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या होत्या. वर मोठी आणि खाली बारीक फळं भरली असणार, असं वाटून मी टोपली हलवून पाहिली.

"वता की खाली सगळी," विकणारी म्हणाली. "घरी बायकूनं वाढलेलं पण असंच वतून बघता का?"

फळं खालपर्यंत चांगली निघाली. दीडशे रुपये दिले.

मांजरसुंबा घाटात पुढे ट्रॅक्टर लागला. मागे दोन ट्रॉल्या. ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं होती: पत्रे, पाण्याचे ड्रम, दोन शेळ्या, बोचक्यांवर बायका आणि लेकरं. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, नंबर नाही. ट्रॅक्टर हळूहळू मधल्या पट्ट्याकडे सरकायचा आणि एकदम झटका देऊन डावीकडे यायचा. स्पीकर इतका मोठा की माझा हॉर्न त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. प्यायलेला आहे, असं मी धरून चाललो. सरळ रस्ता आल्यावर पुढे गेलो आणि मांजरसुंब्याच्या चौकाअलीकडे एका हॉटेलावर थांबलो.

थोड्या वेळाने ट्रॅक्टरही तिथेच चहाला थांबला. मी ट्रॅक्टरच्या नंबराचा फोटो काढला. ड्रायव्हर पंचविशीतला होता, डोळे लाल.

"ओ साहेब, फोटो कावून काढला? फायनान्सवाले हाव का?"

"नाही."

"मग आरटीओचे?"

"तेही नाही."

"मग कोन हाव?"

मी बाजूला जाऊन ११२ ला फोन लावला. वाचकांसाठी सांगतो, चालवताना फोन हातात घेऊ नका. थांबा आणि ठिकाण, दिशा, रंग, नंबर एवढं नीट सांगा. पलीकडच्या मुलीने विचारलं, "ट्रॉलीचा नंबर?"

"नाही."

"दिसला नाही का?"

"लिहिलेलाच नाही."

परत आलो तर पुढच्या ट्रॉलीतली एक म्हातारी काठी घेऊन कठड्याला टेकली होती. तिने मला जवळ बोलावलं.

"भाऊ, पेलेला न्हाई त्यो. कालधरनं झोपला न्हाई. शिरूर कासारहून निघालोत तवापासून म्या पाठीत काठी ढोसतीया. गानं बी त्यासाठीच लावलंय."

"मग थांबवत का नाही?"

"मुकादम म्हनतो सकाळच्याला कारखान्यावर पायजे. आन् इथं उतरवलं तर लेकरं घिऊन कुटं बसावं? थांबवा, पन उतरवू नका."

पोलीस आले. ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घेतला, काही निघालं नाही. हवालदारांनी ट्रॅक्टरची चावी काढून हॉटेलवाल्याकडे दिली. "तासभर झोपू दे, मग दे. दिव्याचं काहीतरी करा रे." त्यांना दुसरीकडचा फोन आला, ते गेले.

हॉटेलवाला ड्रायव्हरला नावाने हाक मारत होता. जीप वळली की चावी परत जाणार, अशी माझी खात्री होती. म्हणून मी गल्ल्यासमोरच बसलो. पिठलं-भाकरी घेतली, सत्तर रुपये. पिठलं तिखट होतं.

"सर, मी चोर दिसतो का वो?" हॉटेलवाला हसत म्हणाला आणि चावी माझ्या ताटाशेजारी ठेवली. मग बाजेवर पडलेल्या ड्रायव्हरकडे वळून ओरडला, "झोप बे गुमान! साहेब पहाऱ्याला हायत."

तो खरंच झोपला. उठला तेव्हा अंधार पडला होता. तोंड धुऊन माझ्याकडे आला.

"आजून हाव का तुमी?"

मी चावी दिली. दिव्याचं कोणी काहीच केलं नव्हतं.

ट्रॉल्या केजच्या रस्त्याला लागल्या. मी मागे निघालो, अंतर ठेवून, गाडीचे धोक्याचे दिवे लावून. नेकनूर यायच्या आधी तो एकदम कडेला थांबला आणि उतरून माझ्याकडे आला.

"पाठलाग कावून करायलाव?"

"तुझ्यामागे दिवा नाही," मी म्हणालो. "केजपर्यंत मी आहे."

तो माझ्या चमकणाऱ्या दिव्यांकडे बघत उभा राहिला. मग जाऊन ट्रॅक्टरवर बसला. पुढच्या रस्त्यात त्याने एकदाही मधला पट्टा ओलांडला नाही. माझ्यामागे गाड्या लाइट मारत होत्या, शिव्या देऊन पुढे जात होत्या. लेकरं झोपली असावीत. काठी घेतलेली सावली तेवढी मला अधूनमधून दिसत होती.

केजला तो सरळ गेला, मी पुतणीच्या घराकडे वळलो. वळताना पाहिलं, ट्रॉली लगेच दिसेनाशी झाली. तिथून पुढचा रस्ता त्यांनी कसा काढला, मला माहीत नाही. रात्री मोबाइलवर तक्रार निकाली निघाल्याचा संदेश आला. त्यावर माझा विश्वास नाही.

पुतणीला उशिराचं कारण सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बाबांच्या वेळी असं कोणी मागं असतं तर." 

रविवारी परतीचा रस्ता मोकळा होता. तरी मी रस्त्याच्या कडा बघत आलो.

घरी आल्यावर मागचे दिवे ओल्या फडक्याने पुसले. ब्रेकचा दिवा लागतो का, हे बघायला सुधीर मागे उभा राहायचा आणि "लागला, दादा" म्हणायचा. मी गाडी मागे घेत कंपाउंडच्या भिंतीपर्यंत नेली, ब्रेक दाबला आणि आरशात पाहिलं. भिंत लाल झाली. पाय उचलला, पुन्हा दाबला.