साठवणभाऊंचं ठरलेलं उत्तर

आमच्या अमरावतीच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. त्यांना कोणताही प्रश्न आयुष्यात एकदाच विचारायचा. दुसऱ्यांदा विचारलात तर मागचंच उत्तर मिळे, मग मधल्या काळात जग का उलटंपालटं झालेलं असेना. डब्यात काय आणलं, असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा ते 'वांगे' म्हणाले. पुढे समोर ढळढळीत भेंडी खातानाही ते 'वांगे'च म्हणायचे. आम्ही त्यांना साठवणभाऊ म्हणत असू.

भाऊ अकोल्याचे. रोज गाडीने बडनेऱ्याला उतरून यायचे. परतीची गाडी एकदा उशिरा आली, तेव्हापासून ती उशिराच येते असं त्यांनी धरून ठेवलं. एके दिवशी मेली वेळेवर आली! भाऊ स्टेशनबाहेर चहात टोस्ट बुडवत बसलेले. गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चूक गाडीची हाय."

अकोल्याच्या एका मावशींच्या वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट चालवायचं काम आमच्याकडे होतं. रविवारी सकाळी वऱ्हाडातले यच्चयावत मामे-काके एकदम स्थळं शोधायला बसत आणि साइट गपकन बंद पडे. कुणी काहीही शोधलं की ती दरवेळी मूळ डेटाबेसकडे धावायची, आणि तो बिचारा त्याच त्या प्रश्नांनी दमायचा. भाऊंनी कॅशे लावला, म्हणजे एकदा मिळालेलं उत्तर जवळ ठेवायचं आणि पुढच्याला तेच द्यायचं. "एकच गोष्ट धा खेपा काहून पुसता? एकदा पुसा, खिशात ठेवा!" साइट भन्नाट पळू लागली. साहेबांनी शाल-श्रीफळ देऊन भाऊंचा सत्कार केला.

मी आपलं विचारलं, "भाऊ, साठवलेलं उत्तर शिळं झालं तर? त्याला काही मुदत टाका ना."

"लग्नाच्या पोरी काय भाजीपाला हायेत, रोज बदलाले?"

झालं! दर्यापूरकडची एक मंडळी नटूनथटून मुलगी पाहायला गेली, तर मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली. मावशींचा चिडून फोन आला की भाऊ थंडपणे विचारत, "पन पान कसं झटकन उघडलं, ते सांगा."

भाऊ स्वतःही लग्नाचे होते आणि त्यांचं नाव त्याच साइटवर होतं. चांदूर बाजारची एक शिक्षिका त्यांच्या मनात भरली होती. जेवताना रोज ते तिचं पान उघडत. तिथे 'अविवाहित' दिसलं की स्वतःचं पान उघडत. तिथे 'आलेल्या पसंती: शून्य'. मग भाऊ डबा झाकून ठेवत. मी रोज म्हणायचो, "अहो, मावशींना फोन करा! तुम्हीच आधी पसंती कळवा!"

"तिची आली की कळवतो. आन मी पुसलं न् ती नाही म्हनली तं?"

हा एक प्रश्न विचारायला मात्र ते घाबरत होते.

मग एके दिवशी मावशीच ऑफिसात आल्या. हातात पेढे, आणि साइटवर टाकायला 'जुळलेली लग्नं' या नव्या पानासाठी फोटो. पहिलाच फोटो चांदूर बाजारच्या शिक्षिकेचा, मुंडावळ्या बांधलेला. मावशींनी भाऊंच्या हातावर पेढा ठेवला.

"हिनं तं पयले तुलेच पसंत केलं होतं रे साइटवर," मावशी म्हणाल्या. "लय वाट पाह्यली पोरीनं. तुह्या इकून काहीच नाही आलं. मले वाटलं, तुले नसन करायचं."

भाऊंनी पेढा टेबलावर ठेवला. साठवलेलं सगळं काढून टाकलं आणि स्वतःचं पान उघडलं. पान पूर्वीसारखं रेंगाळत उघडलं, चकरी फिरत राहिली. मग शून्याच्या जागी एक आला. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथून उठून गेलो.

थोड्याच दिवसांत त्यांनी पुण्याला नोकरी धरली. मी बडनेऱ्याला पोचवायला गेलो. गाडी वेळेवर आहे का, हे त्यांनी चौकशीच्या खिडकीवर, हमालाला आणि पेपरवाल्याला विचारून घेतलं. गाडी आली. ते दारात उभे राहिले.

"भाऊ, बरे आहात ना?"

"मजेत हाय," ते म्हणाले. गाडी हलली, तसे बाहेर वाकून ओरडले, "पन हे साठवून नोको ठेवू! पुन्हा पुसजो!"