म्हाळसाबाईचं घोड्यावरचं बिऱ्हाड

आमच्या घरची मंडळी औरंगाबादहून वैजापूरला दोन दिवसांसाठी निघाली, तरी पिशव्यांवर पिशव्या भरतात. वर लोणच्याची बरणी. ते सगळं एस.टी.त चढवताना माझं डोकं फिरतं आणि म्हाळसाबाई आठवते. ही बाई दिवाळी झाली की मेंढरांमागं गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाकडं, निघायची, ती पावसाच्या तोंडालाच परतायची, आणि तिचा अख्खा संसार एका घोड्यावर मावायचा.

म्हाळसाबाई धनगराची. वैजापूरजवळ आमच्या मळ्याला लागूनच तिचं घर. निघायच्या सकाळी घोड्यावर सामान लादायचं काम बायकांचं, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. खाली पिठाची पोती, त्यावर घोंगड्या, मग मेंढरं कोंडायचं जाळं, म्हणजे वाघूर, तवा-पातेली, आणि सगळ्यात वर पाय बांधलेल्या कोंबड्या. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती एकच विचारायची, "रोज लागतं का?" नाही म्हटलं की वस्तू घरी. नव्या सुनेनं, मंजुळेनं, लग्नातला आरसा पुढं केला तेव्हा ही म्हणाली, "तोंड बघायला वाटंनं हिरी लई हायेत." मंजुळेनं तो राग बरीच वर्षं धरला, आणि मला विचाराल तर बरोबर केलं. बाईमाणसाला आरसा मागं ठेवायला लावणं म्हणजे जरा अतीच झालं.

पुढं म्हाळसाबाईचे गुडघे गेले. त्या दिवाळीला मी मळ्यावरच होतो. घोडं दारात उभं, आणि तिचा लेक सोनाजी मान खाली घालून म्हणाला, "माय, औंदा तू घरीच ऱ्हा. तुला चालवत नाय. तू घोड्यावर बसलीस तर बिऱ्हाड कशावर न्यावं?"

मी शहरातलं शहाणपण पाजळलं, "एस.टी.नं पुढं जा की."

"कोण्या गावाचं तिकीट काढू, बन्सीबापू?" ती म्हणाली. "चारा दिसंल तिथं मुक्काम."

जन्मभर उघड्यावर झोपलेली बाई. घरात एकटीनं हिवाळा-उन्हाळा काढायचा, या विचारानंच तिचा चेहरा उतरला होता. तरी ती रडली नाही. उंबऱ्यावर बसली आणि हसायला बघत म्हणाली, "सोन्या बराबर बोलतो. रोज लागंना ते मागं ठेवावं, हे मीच शिकवलं. लादा बिगीनं, उन्हं चढतील." मला तिथं उभं राहवेना.

मंजुळा मात्र लादायचं सोडून उतरवायला लागली. आधी तळातलं एक पोतं तिनं ओढून काढलं. "गंगथडीला गावोगाव गिरणी हाय," ती म्हणाली. मग मोठं पातेलं, मग तिच्या स्वतःच्या नव्या लुगड्यांचं गाठोडं. वाघूर तिनं उचलून सरळ नवऱ्याच्या खांद्यावर टाकली.

"अगं, ही लई जड हाय!" सोनाजी ओरडला.

"घोडं कधी बोललं का?" मंजुळा म्हणाली, आणि मोकळ्या झालेल्या पाठीवर तिनं घोंगडी चौघडी घालून अंथरली. "आत्याबाई, उठा. बसा वर."

म्हाळसाबाई बघतच राहिली. "येडी का खुळी? मी काय रोज लागते व्हय?"

"मग?" मंजुळा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ह्यो माणूस दिवसभर मेंढरांशीच बोलतो. मी रोज भांडू कुणाशी?"

आता मात्र म्हाळसाबाईनं पदर डोळ्याला लावला. मीही तोंड फिरवलं, धूळ गेली म्हणून सांगितलं. सोनाजीनं आणि मी तिला धरून वर बसवलं. कोंबड्या मांडीवर दिल्या. घोडं थोडं हललं, मग उभं राहिलं. एवढं सगळं होईपर्यंत उन्हं चढलीच होती.

सोनाजीनं लगाम ओढला, तेवढ्यात म्हातारी वरून गरजली, "थांब रे! मंजुळे, जा, तुझा आरसा आण. मी धरते."

मंजुळा पोरीसारखी घरात पळाली. खांद्यावरची वाघूर सावरत सोनाजी म्हणाला, "माय, तोंड बघायला हिरी हायेत ना वाटंनं?"

"तू गप चाल," म्हाळसाबाई म्हणाली.