पाचवी मूठ

मस्कतच्या कॅम्पात फोन आला तेव्हाच मी ओळखलं, कुठंतरी पाणी मुरतंय. फोन सुरतेहून होता, थोरल्या भावाचा; नंबर त्यानं एजंटाकडून काढलेला. बूथवरच्या मीटरचे लाल आकडे पळायला लागले की ज्याला घाम फुटतो, तो माणूस परदेशात फोन लावतो म्हणजे काही सहज नव्हे. म्हणाला, "यंदा कानबाईला ये. फोनवर सांगण्यासारखं नाही." आणि ठेवून दिला.

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणजे काय, यावर मी कितीतरी दिवस डोकं शिणवलं. आई-वडील कधीच गेलेले. राहिलं सुरतेतलं उधन्याचं घर, आणि ते उभं करताना मीही विटा वाहिल्या होत्या. म्हणजे सही हवी असणार. नाहीतर घर विकून झालेलं असणार आणि आता सांगायला देवीचा आडोसा घेतलेला असणार. माझा स्वभावच तसा. तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मी पाणीसुद्धा फुंकून पितो.

मी लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा फिटर. उधन्याच्या कारखान्यांत हात काळे केले, मग एका एजंटानं नैरोबीच्या कापड गिरणीत पाठवलं, आणि तिथून पायाला भिंगरी लागली ती लागलीच. नैरोबीहून मोम्बासा, तिथून लागोस, मग आखाती देश. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं माझं एका बॅगेत. त्यात कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. कॅम्पात मागं कुणी टाकून गेलेलं काहीही मी वाचायचो. शिवणकाम, शेळीपालन, इंग्रजीतल्या खुनाच्या गोष्टी. शेवटची पानं फाटलेली असली तरी माझं अडायचं नाही. शेवट मी मनानं लावायचो, आणि खरं सांगतो, तो बहुतेक वेळा बराच जमायचा.

टिकलो मात्र कुठंच नाही. शेजारचे चहाला हाक मारायला लागले, बायको कुठली, मुलं किती असं विचारायला लागले, की मला वाटायचं यांना माझ्याकडून काहीतरी हवंय. मग मी बॅग उचलायचो. मला ना बायको ना मूल. पण कुणी विचारलं तर तेवढंही सांगायचो नाही, विषय बदलायचो. लोकांनी काय समजायचं ते समजावं. घरी पत्रं टाकायचो, पण उत्तर पोचेपर्यंत मी तिथून हललेला असायचो, आणि पुढं पुढं पत्रंही सुटली.

आता कानबाईचं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझा जीव कशात अडकला होता ते कळणार नाही. कानबाई आम्हा खानदेशी लोकांची. श्रावणात एका रविवारी घरात बसते, सोमवारी नदीला जाते. तिच्या नैवेद्याला रोट लागतात, म्हणजे जाड पोळ्या. आणि त्या रोटांचे गहू असेतसे काढायचे नसतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन त्याच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकायची, ते दळायचं, आणि ते रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला कणभर द्यायचे नाहीत, फेकायचे तर नाहीतच. माणूस मेला की त्याची मूठ बंद. घराशी तुटला तरी बंद.

त्यामुळे घर, सही, सगळं बाजूला ठेवलं तरी मला एकच गोष्ट बघायची होती. माझ्या नावाची मूठ अजून निघते की नाही. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर तोंडदेखलं "निघते की" म्हणाले असते. मला डोळ्यांनी बघायचं होतं.

शुक्रवारी सकाळी उधन्याला उतरलो. घर जागेवर होतं. वहिनी दारात बसून साड्यांचे लोंबते धागे कापत होती. मला बघितलं, कात्री खाली ठेवली, पदर सावरला आणि म्हणाली, "उनात का भाऊ." आलात का, एवढंच. मग माझ्या मागं बघितलं. रिक्षातून आणखी कुणी उतरतंय का, असं. ते मला खटकलं. मी एकटाच आलोय म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, तेही मी टिपलं.

भाऊ संध्याकाळी जवळच्या सचिन गावातल्या डाइंग मिलमधून आला. नखं तशीच निळी, पहिल्यासारखी. पाठीवर हात ठेवला, जेवायला बसला, पाऊस किती, मस्कतला उकाडा किती, सगळं बोलला आणि ज्यासाठी बोलावलं त्याचं नाव नाही. मी म्हटलं, "फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते काय?" तर म्हणाला, "कानबाई होऊ दे." दोघं पुतणे आता मिशा फुटलेले, बाजारात पार्सलं बांधायच्या कामाला. मी आत आलो की त्यांचं आपसातलं गुजराती बोलणं थांबायचं. "काका, बेसो ने," म्हणून मला खुर्ची द्यायचे आणि एकमेकांकडे बघायचे. मी मनात म्हटलं, बेटे हो, काकानं चार देशांचे ठेकेदार बघितलेत. तुम्ही काय लपवणार.

शनिवारी सकाळी मी माळ्यावर चढलो. तिथं माझी पत्र्याची पेटी होती, जाण्याआधीच्या पुस्तकांची. रद्दीवाल्याला घातली असणार, अशी माझी खात्री होती. पेटी जागेवर होती. कुलूप मात्र माझं नव्हतं. वहिनीकडे किल्ली मागितली, तर तिनं वर येऊन ती कमरेची काढून दिली आणि बघत उभी राहिली. उघडली. पुस्तकं होती तशी होती, मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला. आणि सगळ्यांत वर घडी करून ठेवलेला एक लहान मुलाचा स्वेटर. निळा, लोकरीचा, चार-पाच वर्षांच्या पोराला होईल असा. धुतलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा.

माझं डोकंच फिरलं. माझ्या पेटीत दुसऱ्याच्या पोराचे कपडे? म्हणजे माळा भाड्यानं दिला होता काय? "हे कुणाचं?" मी विचारलं. वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं, की चोर मीच. मग ती खाली उतरली.

दुपारी ती सूप घेऊन ओट्यावर बसली. न्हालेली, ओल्या केसांची. मी पुस्तक उघडून खुर्चीत बसलो, पण डोळा सुपावर. पान उलटायचंही भान नव्हतं. तिनं भावाचं नाव ओठांत घेतलं, मूठ टाकली, वर पाव मूठ. थोरल्या पुतण्याचं घेतलं. धाकट्याचं घेतलं. मग थांबली. जगात कुठंही मला कुणी काढून टाकलं असतं तर मी शीळ घालत गेलो असतो, पण त्या ओट्यावर मला भीती वाटली, लहान पोराला वाटते तशी.

तिनं माझं नाव घेतलं. मूठ टाकली, वर पाव मूठ.

मी पुस्तक मिटलं. आता उठावं, चहा मागावा, असं वाटलं. तेवढ्यात तिनं पुन्हा कोठीत हात घातला. पाचवी मूठ. या वेळी ओठ हलले, पण नाव काही ऐकू आलं नाही.

झालं. शंकेखोर माणसाला एवढं पुरतं. घरात पुरुष चार. पाचवा कोण? कुणाला दत्तक घेतलंय? माझ्या वाट्यावर कुणाला आणून बसवलंय? फोनवर न सांगण्यासारखं ते हेच, आणि तो स्वेटरही त्याचाच. मी उठून तिच्यासमोर उभा राहिलो. एवढ्या वर्षांत माझी अहिराणी तोंडातच अडकायची, म्हणून मराठीतच विचारलं, "वहिनी, ही पाचवी कुणाची?"

तिनं सुपावरून हात फिरवला. खाली बघूनच म्हणाली, "तुमना आंडोरनी."

आंडोर म्हणजे मुलगा. तुमच्या मुलाची.

मग एकेक जोडत गेलो. नैरोबीहून एकदा मी नवसारीच्या एका सोबत्याबरोबर घरी ट्रान्झिस्टर पाठवला होता. फुटू नये म्हणून तिथल्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून एक स्वेटर उचलला आणि त्यात गुंडाळला. ढिगात हाताला लागला तो घेतला. लहान होता, ट्रान्झिस्टरच्या खोक्यात बसणारा होता. वहिनीनं ट्रान्झिस्टर भावाला दिला आणि स्वेटर हातात धरून बसली. वापरलेला स्वेटर, कोपराला विरलेला. कुणाच्या तरी अंगावरचा. दीर लग्नाचं बोलत नाही, घरी येत नाही, आणि पोराचा स्वेटर पाठवतो. तोंडानं सांगायची लाज वाटते म्हणून असं कळवतोय, असं तिनं धरलं. पुढच्या श्रावणात तिनं पाचवी मूठ टाकली.

"वहिनी, तसं काही नाही," मी म्हटलं. "तो बाजारातला स्वेटर होता. मला मूलबाळ कुणी नाही."

"मी बाहेर कोनले सांगस का?" ती म्हणाली. मी काय बाहेर कुणाला सांगते का? आणि माझ्याकडे जे बघितलं, ते बघणं मी चांगलं ओळखत होतो. आयुष्यभर मी लोकांकडे असंच बघत आलो होतो. समोरचा काही सांगतोय ना, म्हणजे खरं वेगळंच असणार. पहिल्यांदाच मी त्या बघण्याच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो आणि माझ्याजवळ पुरावा म्हणून काहीही नव्हतं. तिनं सूप उचललं आणि घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीत, गेली. आमच्या दळणासाठी घंटीवाल्यानं सकाळीच दगड धुऊन ठेवला होता.

फोनचं कोडं भावानं रविवारी उलगडलं. कानबाई बसली होती, बायका गाणी म्हणत होत्या, आम्ही दोघं बाहेर पायरीवर होतो. सुरतेतच कोसाडला आमचे चुलतकाका असतात, भाऊबंदकीत त्यांचा शब्द शेवटचा. काका म्हणाले होते, की प्लेगच्या वर्षी सुरत ओस पडली, जगभर बातम्या झाल्या, तरी ज्यानं चार ओळी टाकून भाऊ जिवंत आहे का विचारलं नाही, त्याची मूठ कशाला काढता? बंद करा.

"मग?" मी म्हटलं.

"मग ही भांडली. काकांसमोर पहिल्यांदा तोंड उघडलं हिनं." भावानं आत बघितलं. "म्हणाली, त्याची बंद केली तर पोराचीपण बंद होईल. पोरानं काय केलंय? काका नरमले. म्हणाले, एक वर्ष देतो, तोंड दाखवायला बोलवा." थोडा वेळ तो निळी नखं खरवडत बसला. "पोरगं आणशील असं वाटलं होतं आम्हाला. बोलावताना सांगितलं असतं तर तू आला नसतास."

म्हणजे माझी मूठ माझ्यामुळे चालू नव्हती. जो नव्हताच, त्यानं ती धरून ठेवली होती. मी भावालाही सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. एवढी पुस्तकं वाचली, पण असल्या ठिकाणी माणसानं काय म्हणायचं ते एकातही सापडलेलं नव्हतं.

पान वाढलं तेव्हा वहिनीनं माझ्या ताटात माझ्या वाट्याचा रोट ठेवला. मग दुसरा ठेवला. इतकी वर्षं तो कुणी खाल्ला, असं मी विचारलं नाही, पण तिनंच सांगितलं. माझ्या वाट्याचा भाऊ खायचा आणि पोराचा ती. यंदा बाप घरात आहे, तर बापानंच खायचा. टाकता येत नाही, बाहेरच्याला देता येत नाही. मी दोन्ही खाल्ले, खिरीबरोबर. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला मी पाणी मागितलं.

सोमवारी सकाळी तापीवर कानबाईला निरोप दिला. परतताना सगळे पुढं गेले, वहिनी चालता चालता मागं रेंगाळली आणि माझ्या बरोबरीला आली. तिच्या काखेत देवीचा रिकामा पाट होता.

"भाऊ, एक इचारू?" ती म्हणाली. "मूठ टाकताना नाव लेनं पडस. मी नुसतं 'भाऊना आंडोर' म्हनस. देवीले कसं समजी?" मग अगदी हळू, "त्यानं नाव काय शे?"

मूठ टाकताना नाव घ्यावं लागतं, आणि ती इतकी वर्षं बिननावाची मूठ टाकत होती. मला पुन्हा सांगता आलं असतं, की वहिनी, कुणी नाही हो. तिनं पुन्हा तसंच बघितलं असतं. बॅग भरलेली होती, गुरुवारचं विमान होतं, आणि पुढच्या श्रावणात मी कुठल्या देशात असेन ते मलाही माहीत नव्हतं.

मी मनानं एक नाव लावलं आणि सांगितलं. तिनं ते दोनदा पुटपुटून पाठ केलं, आणि पाट दुसऱ्या काखेत घेऊन चालायला लागली.