तलावाचं मागचं दार

उसवणताई कपडे शिवत कमी आणि उसवत जास्त. ढगळ झालेले आत घ्यायचे, घट्ट झालेले सैल करायचे, एवढंच काम त्यांच्या दुकानात चालायचं. शिवण उसवता उसवता त्या गिऱ्हाइकाचीही चौकशी करत, आणि ते माणूस बाहेर पडेपर्यंत त्याच्या पोटात काही उरत नसे. त्यावरून हे नाव पडलं. त्यांचा नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. तो म्हणायचा, "हिच्यापुढे गरम चहा ठेवला, तर वाफ कुठून आली ते आधी विचारेल."

वॉर्डातल्या दोन मातब्बर उमेदवारांनी एकमेकांची इतकी उणीदुणी काढली, की लोकांनी वैतागून उसवणताईंना निवडून दिलं. नगरपालिकेत त्यांना देखरेख समिती मिळाली. छोट्या धंद्यांना मालमत्ता करात दिलेली सवलत योग्य माणसाला मिळते का, हे पाहायचं. आणि पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, मैदान नीट चालतं का, हेही पाहायचं. हे दोन विषय एका समितीत कसे आले, ते समितीलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच फेरीत त्यांनी एका फर्निचरवाल्याला पकडलं. गोदाम रिकामं पडलंय म्हणून तो सवलत घेत होता, आणि उंबऱ्यावर ताजा भुसा पडला होता. सवलत गेली. त्या दिवसापासून फर्निचरवाला त्यांना पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. समितीचे अध्यक्ष औषधांचे दुकानदार होते, सदा हसतमुख. ते म्हणाले, "ताई, जरा सबुरीनं." त्यांना कसली घाईच कशी नाही, याचीच उसवणताईंना शंका आली.

पण खरी पाल चुकचुकली ती घरात. आई त्यांच्याकडेच राहायची. गुडघे धरलेले, हातात काठी. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ती "मैत्रिणीकडे जाते" म्हणून निघायची आणि जेवायच्या वेळेला परत यायची. एकदा दोरीवर तिचा टॉवेल वाळत होता. उसवणताईंनी सहज नाकाशी धरला, तर औषधाचा उग्र वास. मनात आलं, आई चोरून दवाखान्यात जातेय. काहीतरी मोठं आहे आणि आपल्यापासून लपवतेय.

"टॉवेलला कसला वास येतोय गं?"

"मैत्रिणीकडे फरशीचं औषध सांडलं," आई म्हणाली.

"तिच्या घरची फरशी तुझ्या टॉवेलनं पुसली?"

"तू निवडून आलीस ते नगरपालिकेत. माझ्या कपाटात नाही."

उसवणताईंनी विषय सोडला. मनातून मात्र सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात तलाव पाहण्याची पाळी त्यांची आली. तलाव नगरपालिकेचा, चालवायला दिला होता एका ठेकेदाराला. आठवड्यातल्या दोन सकाळी म्हाताऱ्या माणसांना फुकट पोहू द्यायचं, या अटीवर त्याला करात भरघोस सवलत होती. त्या मंगळवारी मुद्दाम न कळवता गेल्या. दाराला कुलूप होतं आणि पाटी होती, 'पाणी शुद्धीकरणासाठी बंद'. बराच वेळ दार वाजवल्यावर मॅनेजर आला. सडपातळ, गळ्यात शिट्टी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यानं दार अर्धवटच उघडलं.

"मंगळवारी शुद्धीकरण असतं, ताई."

"आणि शुक्रवारी?"

तो थोडा अडखळला. "शुक्रवारीही असतं."

"पाणी फारच घाण होतं म्हणायचं तुमच्याकडे."

अर्ध्या दारातून ओल्या फरशीवरच्या औषधाचा उग्र वास आला, आणि उसवणताई जागच्या जागी थबकल्या. टॉवेलचाच वास तो.

शुक्रवारी दुकान उशिरा उघडायचं ठरवून त्या तलावासमोरच्या चावीवाल्याकडे जाऊन बसल्या. हातात कपाटाचं एक कुलूप, निमित्ताला. तिथून तलावाच्या बाजूचा बोळ दिसायचा. बऱ्याच वेळानं बोळातलं लोखंडी दार उघडलं आणि पाच-सहा म्हाताऱ्या बाहेर आल्या. ओले केस, हातात पिशव्या, खिदळत होत्या शाळकरी मुलींसारख्या. मधोमध आई. काठी तिनं काखेत मारली होती आणि चालत होती चक्क मोकळी.

उसवणताईंना हसावं की रडावं कळेना. आईचं चालणं त्यांनी असं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र त्यांनी आईला धारेवर धरलं. मग सगळं बाहेर आलं. पाणी गरम करण्याचा खर्च आणि एका माणसाचा पगार वाचावा म्हणून ठेकेदारानं दोन्ही सकाळी तलाव बंदच ठेवला होता. नगरपालिकेला सांगायचं चालू आहे, लोकांना सांगायचं शुद्धीकरण आहे. आई आणि मैत्रिणी पाटी वाचून परत फिरत होत्या, तेव्हा मॅनेजरनं हाक मारली. बॉयलरच्या खोलीतून त्यांना आत घेतलं. तेव्हापासून तो त्या दोन्ही सकाळी बिनपगारी यायचा. मालकाला, म्हणजे ठेकेदाराला, पत्ता नव्हता.

"आणि तो घेतो काय तुमच्याकडून?" उसवणताईंनी विचारलं.

"लिंबाच्या गोळ्या," आई म्हणाली. "घसा बसतो त्याचा, आमच्यावर ओरडून. त्याचं नाव कुठे घेतलंस तर बघ."

"नाही घेणार."

नवऱ्यानं जेवताना सुचवलं, "मग त्यालाही जाऊन सांग की तसं. बिचारा धास्तावला असेल."

"आणि त्यानं मालकाच्या कानात घातलं तर? ठेकेदार रातोरात पाटी काढेल, आणि मी पडेन तोंडघशी." कुणी कारणाशिवाय फुकट राबतो, हेच त्यांना पचत नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत असणार. त्या गेल्या नाहीत.

समितीच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि सरळ बोलल्या. अटीतल्या दोन्ही सकाळी तलावाला कुलूप असतं, बंदची पाटी असते, मी स्वतः पाहिली. तेव्हा एक तर दार उघडा, नाहीतर सवलत सोडा. मागच्या दाराचा त्यांनी उच्चार केला नाही.

ठेकेदार कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. शांतपणे उठला.

"तलाव बंद नाही," तो म्हणाला. "पुढं जरा दुरुस्ती आहे, म्हणून मागून प्रवेश देतो. ज्येष्ठ महिला नियमित येतात. यात माझं काय चुकलं? खुद्द ताईंच्या मातोश्री येतात. त्यांनी घरी सांगितलं नाही का?"

टेबलाभोवती हशा पिकला. अध्यक्षही हसले. उसवणताईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ज्याचं नाव झाकायला त्या एवढ्या जपल्या, त्यानंच ही बातमी पोचवली होती. घरच्यांशिवाय आणि त्या म्हाताऱ्यांशिवाय दुसऱ्या कुणाला ती ठाऊकच नव्हती. क्षणभर त्यांना खाली बसावंसं वाटलं. बसल्या नाहीत.

"येते माझी आई," त्या म्हणाल्या. "बोळातून, बॉयलरच्या खोलीतून, पाइप चुकवत. पुढच्या दारावर बंदची पाटी आहे. जी बाई ती पाटी वाचून घरी गेली, तिला मागचं दार कोण दाखवणार होतं? आणि दुरुस्ती चालू असेल तर गवंडी कुठंय? दाखवा मला."

गवंडी दाखवता येईना. अध्यक्षांचं हसू ओसरलं. ठरलं असं, की दोन्ही सकाळी पुढचं दार उघडं राहील, आणि समितीचा माणूस जाऊन पाहीपर्यंत सवलत थांबेल.

तिथून उसवणताई तडक तलावावर गेल्या. मॅनेजर पाण्यातला पाचोळा जाळीनं काढत होता.

"तुम्हीच सांगितलंत मालकाला."

"मीच," तो म्हणाला. जाळी त्यानं खाली ठेवली नाही. "चावीवाल्याकडे बसलेलं पाहिलं मी तुम्हाला. कुलूप तर बघतच नव्हता तुम्ही. म्हटलं, आता नोकरी जाते. तुमच्या तोंडून मालकाला कळण्यापेक्षा आपणच आधी सांगितलेलं बरं. आधी भडकले, मग हसायला लागले. समितीला द्यायला आयतंच उत्तर मिळालं त्यांना."

"मी तुमचं नाव घेणार नव्हते."

"मला कसं कळणार, ताई? तुम्ही आलात ते पाणी किती घाण होतं तेवढंच विचारून गेलात."



पुढचं दार उघडलं. ठेकेदारानं आता सगळं नियमाप्रमाणे करायचं ठरवलं, म्हणजे हद्दीतला रहिवासी असल्याचं कार्ड दाखवल्याशिवाय आत सोडायचं नाही. आईच्या दोन मैत्रिणी कालव्यापलीकडे राहायच्या, हद्दीबाहेर. बॉयलरच्या खोलीत त्यांना कुणी पत्ता विचारला नव्हता. आता मॅनेजरनं त्यांना दारातूनच परत पाठवलं, मान खाली घालून. आईनं लेकीशी बोलणं टाकलं. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुझ्या उघड्या दारापेक्षा ते बंद दार बरं होतं गं."

उसवणताईंनी हद्दीचा प्रश्न समितीत काढला. कधी अध्यक्ष आजारी, कधी विषय मागे ढकललेला. शेवटी एकदा मंजूर झाला तो इतक्या झटपट, की कुणाचा हात वर गेला हेही त्यांना नीट दिसलं नाही. कालव्यापलीकडची एक मैत्रीण परत पोहू लागली. दुसरीचे पाय तोवर पार आखडले होते. आई काठी टेकत तिला भेटायला जायची आणि टॉवेल सोबत न्यायची नाही.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी उसवणताई पुन्हा तलावावर गेल्या. आत म्हाताऱ्यांचा कलकलाट चालला होता. मॅनेजर दारात कार्डं तपासत उभा होता. त्यांना पाहून तो बाजूला झाला, अगदी रीतसर.

"तपासायला आलात?"

"नाही. या दोन सकाळींचा पगार तुम्हाला अजून मिळत नाही, असं आई म्हणाली. उद्याच्या बैठकीत तो विषय काढणार आहे मी. आधी तुम्हाला सांगायला आले."

त्यानं हातातलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, ते कुणाचं ते विसरल्यासारखं. मग त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या मागच्या रस्त्याकडे बघत त्यानं विचारलं, "का? यात तुमचा काय फायदा?"