वाकड्या नाकाची चौकशी

विम्याचे दावे तपासण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे समोरचा खरं बोलत असला तरी मला आधी संशयच येतो. निमोण्याला दिलेली माझी धाकटी बहीण सुमन हे ओळखून आहे. तिचा फोन आला, "दादा, दौंडचा एक डॉक्टर आपल्या रूपालीच्या नाकाचं ऑपरेशन करा म्हणतोय. मला तर लबाड वाटतोय. तू ये आन् बघ." लबाड हा शब्द ऐकला आणि मी पुण्याहून सकाळची एसटी धरली.

तळेगाव ढमढेऱ्याला उतरलो तर आठवडे बाजार. माळवं (भाजीपाला) पार रस्त्यावर आलेलं. जीप भरल्याशिवाय हलणार नव्हती, म्हणून भेळ घेतली आणि आधी एक शेंगदाणा चावून पाहिला. खवट नव्हता. जीपमध्ये शेजारची आजी मांडीवरच्या नातवाचं नाक चिमटीत धरून ओढत होती.

"काय करताय आजी?"

"बसकं (चपटं) हाय पोराचं नाक. रोज तेल लावून वढलं की येतंय सरळ."

"नक्की?"

"माझ्या समद्या लेकरांची म्याच काढली न्हवं!"

आजींचं स्वतःचं नाक चांगलंच बसकं होतं.

निमोण्यात पोहोचलो तेव्हा रूपाली पळायचा सराव करून ओट्यावर बसली होती, तोंड उघडं. माझी ही भाची पोलीस भरतीची तयारी करते. "पाय दमत न्हाईत मामा, नाकातच अडतंय," ती म्हणाली. डॉक्टरांचं म्हणणं, नाक आतून वाकडं आहे, पण बाहेरचं हाडही सरळ करावं लागेल. इथेच मला वास आला. श्वासाच्या नावाखाली हा गडी रूप विकतोय.

जेवताना पिठलं-भाकरी फर्मास होती. मी गंमत म्हणून जीपमधल्या आजीचा किस्सा सांगितला. रूपाली खदखदून हसली. सुमनचा भाकरी वाढणारा हात मात्र थांबला.

"आता असलं कुणी करत न्हाई," ती फटकन म्हणाली आणि आत गेली.

कुणी तिला काही विचारलंच नव्हतं. मी ते मनात टिपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नि रूपाली निघालो तेव्हा तिने लेकीच्या हातावर दही ठेवलं, ओढणी नीट केली, पण गालावरून हात फिरवला नाही. तेही टिपलं.

केडगावपर्यंत जीप, पुढे रेल्वे. दौंडचा दवाखाना औषधाच्या दुकानावर, आणि जिन्यात नाकांचे फोटो, ऑपरेशनच्या आधीचे नि नंतरचे. सापडला, असं मी मनात म्हटलं.

डॉक्टरांनी थंड स्टीलची पट्टी रूपालीच्या नाकाखाली धरली. वाफ एकाच बाजूला उमटली.

"माझ्या नाकाखाली धरा," मी म्हणालो. दोन्ही बाजूंना उमटली. पट्टीत खोट नव्हती.

मग त्यांनी तिचा गाल बाजूला ताणला. "आता घे श्वास."

रूपालीचे डोळे मोठे झाले. "मामा, आलं की वो वारं!"

डॉक्टर सांगू लागले. दोन नाकपुड्यांमधला पडदा सरळ करायचा, त्यातल्याच कूर्चेचा (मऊ हाडाचा) तुकडा घेऊन खचलेल्या बाजूला आधार द्यायचा. "वरचं हाड वाकडं राहिलं, तर आतला पडदाही सरळ राहायचा नाही."

"आणि हे सगळं तुम्हीच करणार?"

"मी करत नाही. पुण्यात तुमचा विश्वास असेल तिथे करून घ्या."

खोटं कशाला बोलू, माझी निराशाच झाली. मग मी रूपालीकडे वळलो. "खरं सांग, तुला दिसायलाही सरळ हवंय ना?"

"व्हय, पाहिजे. त्यात चोरी कसली?"



"मार कधी लागला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नववीत. कबड्डीत कोपर बसलं. लई रक्त आलं, हळद लावून निजले."

निघता निघता मी विचारलं, "तान्हेपणी आईने तेल लावून नाक दाबलं असेल, तर?"

डॉक्टर हसले. "आईच्या अंगठ्याने नाक सरळ होत नाही आणि वाकडंही होत नाही. हे काम कोपराचं आहे."

परतीच्या गाडीतून रूपाली केडगावला उतरली, मी तसाच पुढे पुण्याला जाणार होतो. तिला न्यायला सुमन आली होती. गाडी जेमतेम थांबते. सुमन माझ्या खिडकीशी धावत आली.

"लबाड निघाला ना?"

"नाही. सुमे, नाक कबड्डीत मोडलंय. तुझ्या अंगठ्याने नाही."

तिने खिडकीचा गज घट्ट धरला. "सासूबाई म्हणायच्या, पोरीचं नाक बसकं हाय. मी रोज दाबायची रे दादा. रडायची ती, तरी दाबायची. म्हटलं, डॉक्टर आत बघंल आन् सांगंल, आईनंच मोडलं म्हणून."

गाडी हलली. मी दोन दिवस डॉक्टरांवर संशय घेत होतो, आणि तिने मात्र इतकी वर्षं स्वतःलाच आरोपी धरलं होतं.

घरी येऊन चपला काढतोय तोच तिचा फोन आला.

"दादा, कुठं करायचं ते तूच ठरव. आन् डॉक्टरांना एक इचार. जखम भरली की मला तिच्या नाकाला हात लावता येईल का?"