काळ्या गाडीचा डावा दरवाजा

गाड्या धुण्याच्या त्या सेंटरवर तिला सगळे हळूबाई म्हणत. बाकीचे दोघं धुणारे दुपारपर्यंत आठ-आठ गाड्या हातावेगळ्या करत, तेव्हा हिची तिसरी चालू असे. तिला ते नाव लागत नसे. चिडवायलाही त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, कारण तिने धुतलेली गाडी कधी तक्रार घेऊन परत आली नव्हती.

हळूपणाच्या मागे कौशल्य थोडं होतं आणि भीती फार. आधी नऊ वर्षं ती घरोघरी जाऊन बादली-फडक्याने गाड्या पुसायची. एकदा फडकं हातातून निसटून जमिनीवर पडलं. तिने ते उचललं, पाण्यात बुचकळून पिळलं आणि तसंच एका निळ्या गाडीच्या बॉनेटवर गोल गोल फिरवलं. फडक्यात रेतीचे चार कण राहिले होते. पाणी सुकलं आणि उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटले. गाडीवाल्याने तिच्या मनगटाला धरून तिला तिथे उभी केली आणि आसपासच्या लोकांना हाका मारून गोळा केलं. "या, या, कारागिरी बघा!" लोक आले, बघून गेले. आठवड्याभरात तिच्या हातची सगळी कामं सुटली. ओरखडा हा शब्द कुठेही कानावर आला की तेव्हापासून ती हातातलं फडकं आधी उलटून बघायची.

सेंटर चालवणाऱ्या मिस्त्रींनी तिला ठेवून घेतलं ते ही सगळी हकीकत ऐकून. "जिला भीती आहे तिला शिकवायला सोपं जातं, ताई," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातात फोम गन दिली. बंदुकीसारखी मूठ, खाली शाम्पूची बाटली, मागे पाण्याचा पाइप. घोडा दाबला की जाड, पांढरा फेस उडून गाडीला चिकटतो.

"पहिली माती पाण्याने उतरवायची, छपरापासून खाली," मिस्त्रींनी सांगितलं होतं. "प्रेशरचं नोझल रंगापासून हातभर लांब. मग फेस. फेस लावला की हात मागे. पाच मिनिटं काही करायचं नाही. उरलेला कचरा फेसच सोडवतो आणि घेऊन खाली उतरतो. तो धुऊन टाकला की मगच मऊ हातमोजा लावायचा. सरळ रेषेत, गोल नाही. बादल्या दोन, एक शाम्पूची, एक नुसती मोजा खळबळायची. आणि मोजा खाली पडला..."

"...तर तो मेला," ती म्हणाली होती.

"शाब्बास. पुसताना टॉवेल ठेवायचा आणि दाबायचा. घासायचा नाही."

तिचा नवरा शिंपी. बटणाने रंगाला चरा पडू नये म्हणून त्याने तिला एक अॅप्रन शिवून दिला होता, ज्याची सगळी बटणं कापडाच्या पट्टीखाली झाकलेली होती. मुलगी घरी हसायची. "आई, मी अभ्यास केला नाही तर मलाही फेस लावून पाच मिनिटं ठेवशील का गं?" हळूबाईही हसायची. पण सकाळी सेंटरच्या फाटकातून आत येताना तिचे तळवे ओले असायचे, पाण्याला हात लावण्याआधीच.

त्या रविवारी सकाळी एक काळी गाडी आली. काळ्या गाडीचं नाव काढलं तरी धुणाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, कारण केसाएवढी रेघसुद्धा त्या रंगावर लपत नाही. इतर दोघांनी लगेच दुसऱ्या गाड्या धरल्या. गाडी तिच्या वाट्याला आली.

चालवत आणली होती एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, पण उतरताना त्यांनी दरवाजाची कड चाचपून मग पाय खाली टाकला. "मुलाची गाडी आहे," ते म्हणाले. "आठ दिवस बाहेरगावी होता, आज परत येतोय. परस्पर इथेच येईल न्यायला. छान होऊ द्या. घाई नाही हं. म्हणजे... आहे तशी." असं म्हणून ते भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले. पण टेकले कसले, सारखे उठायचे आणि रस्त्याकडे बघून पुन्हा बसायचे.

हळूबाईने गाडीभोवती एक फेरी मारली. उजवी बाजू नुसती धुळीची. डाव्या बाजूला मात्र दोन्ही दरवाजांवर चिखलाचा जाड थर वाळून बसला होता. कित्येक दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. चाकाने उडवलेला चिखल खाली दाट आणि वर विरळ असतो, एवढं तिला नऊ वर्षांत कळलं होतं. हा मधोमध दाट होता. तिला ते चमत्कारिक वाटलं, पण गिऱ्हाइकाला असलं काही विचारायचं नसतं.

तिने पाणी मारलं. चिखल सुटायला वेळ लागला. मग छपरापासून फेस सोडला. काळी गाडी बघता बघता पांढरी झाली. पाच मिनिटं तिने मनातल्या मनात मोजली आणि पाण्याने फेस उतरवला. छप्पर, बॉनेट, काचा, उजवी बाजू हातमोज्याने झाली. डाव्या दरवाजांच्या वरच्या भागावरून मोजा फिरवला. खाली अजून चिखलाची पुटं होती, म्हणून तिथे पुन्हा फेस मारला, थांबली, पाणी सोडलं.

चिखल एकदम ओघळून गेला आणि खाली ओरखडा होता.

साधासुधा नव्हता. पुढच्या दरवाजाच्या मुठीखालून निघून मागच्या दरवाजाच्या अर्ध्यापर्यंत गेलेला, हातभर लांब. कानात काहीतरी वाजायला लागलं आणि पंपाचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

मी केला?

तिने मोजा उलटा करून बघितला. लोकर दोन बोटांनी विलग करून बघितली. एक कण नाही. पण मघाशी वरच्या भागावरून मोजा फिरवताना तो थोडा खाली उतरला असेल तर? नोझल जवळ गेलं असेल तर? तिला आठवेना. ज्या हातांनी पंधरा मिनिटांपूर्वी काम केलं त्यांनी काय केलं हेच तिला आठवेना. तिला दिसत होतं ते निळं बॉनेट आणि गोळा झालेले लोक.

आणि मग तिने एक गोष्ट केली जिची तिला पुढे फार लाज वाटली. तिने फोम गन उचलली आणि ओरखड्यावर फेस मारला.

पांढऱ्या फेसाखाली ओरखडा दिसेनासा झाला. तिला श्वास घेता आला. पण फेस काय थांबतोय? हळूहळू तो घसरायला लागला, आणि त्याच्या वरच्या कडेतून रेघ परत डोकावली. तिने पुन्हा मारला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा मारला.

"ताई, गाडी धुताय की नटवताय?" मिस्त्री पलीकडून हसत ओरडले.

ती हसली नाही. मागच्या बाजूला पंपाची खोली होती, तिच्या पलीकडे भिंतीत एक लहान दार. अॅप्रन काढून खुंटीला लावायचा आणि त्या दारातून निघून जायचं. घरी काय सांगायचं ते वाटेत बघू. ती खरोखरच दोन पावलं तिकडे गेलीसुद्धा. तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली आणि एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस बॅग घेऊन उतरला.

"आला," म्हातारे गृहस्थ खुर्चीतून उठत म्हणाले. आवाज इतका बारीक होता की हळूबाईने वळून त्यांच्याकडे बघितलं.

मुलगा गाडीपाशी आला तेव्हा फेस शेवटचा घसरत होता. चौघं तिथे उभे होते, मिस्त्रीही आले होते, आणि चौघांच्या डोळ्यांदेखत ती रेघ इंच इंच उघडी पडली.

"हे काय?" मुलगा म्हणाला. "हे काय आहे? कोणी केलं?" त्याने हळूबाईच्या हातातल्या गनकडे बघितलं. "बाई, तुम्ही धुतलीत ना गाडी?"

"ताई?" मिस्त्री हळूच म्हणाले.

तिने म्हाताऱ्यांकडे बघितलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते. नुसते बघत होते, इतकं मन लावून, की त्या क्षणी तिला चिखल आठवला. मधोमध दाट. हाताने लावल्यासारखा.

भीती गेली नाही. पण ती खाली बसली, बादलीजवळचा मऊ ब्रश घेतला, फेसात बुडवला आणि ओरखड्यावर अलगद टेकवला. फेस तांबूस झाला.

"साहेब," ती म्हणाली. "हा आजचा नाही. आजचा असता तर आतून स्वच्छ असता. ह्याच्या तळाशी गंज धरलाय. गंज तासाभरात धरत नाही. आणि हे बघा, कडेला हिरवा रंग लागलाय. आमच्याकडे हिरवं काही नाही. हवं तर सगळं सेंटर बघा."

मुलगा वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग वर न बघता म्हणाला, "आपलं फाटक हिरवं आहे, बाबा."

म्हाताऱ्यांनी मान वर केली. "मला दिसलंच नाही रे," ते म्हणाले. "दुपारची वेळ, लख्ख ऊन. आणि डावीकडे फाटक आहे हेच दिसलं नाही. आवाज आला तेव्हा कळलं." त्यांनी हात डाव्या डोळ्याशी नेला आणि परत खाली घेतला. "किती दिवस झाले, त्या बाजूचं सगळं धुरकट आहे."

"आणि तरी तुम्ही आज इथवर चालवत आणलीत?"

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मुलापुढे धरली.

मुलाचा चेहरा उतरत गेला. त्याला आणखी काहीतरी सुचलं होतं. "दुपारची वेळ म्हणजे... शाळा सुटायची वेळ. बाबा, माझी चिमणी होती गाडीत?"

"मागे बसली होती," म्हातारे म्हणाले. "डाव्या बाजूला. तिला काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. मी तिला सांगितलं, कोणाला सांगू नकोस."

हळूबाईला वाटलं आता हा माणूस ओरडेल. तिने आपसूक खांदे आवळले. पण तो ओरडला नाही. त्याने गाडीच्या ओल्या छपरावर हात टेकला, जसा चक्कर आलेला माणूस टेकतो. मागच्या दरवाजाकडे बघत राहिला, जिथे रेघ संपत होती. मग खिशातून फोन काढून घरी लावला आणि मुलीला फोनवर बोलवायला सांगितलं. "काही नाही बाळा, असंच," तो म्हणाला. "नुसता आवाज ऐकायचा होता."

जाताना गाडी त्याने चालवली. वडील शेजारी बसले. हळूबाईला तो काहीच बोलला नाही, ना चांगलं ना वाईट, आणि मिस्त्रींना वाटलं की निदान माफी तरी मागायला हवी होती. तिला तसं काही वाटलं नाही. ती पंपाच्या खोलीत जाऊन उलट्या बादलीवर बसली. मिस्त्री चहा घेऊन आले.

"तीनदा फेस मारलात," ते म्हणाले.

"हो."

"मला हाक मारायची होती."

"मला वाटलं, माझ्याच हातून झालं."

मिस्त्रींनी कप तिच्या हातात दिला. "पुढच्या वेळी गाडी आली की आधी चारी बाजूंनी मला दाखवायची. मग पाणी." तेव्हापासून सेंटरवर तोच नियम झाला, सगळ्यांसाठी.

दहा-बारा दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले. चालत. ती एका पांढऱ्या गाडीवर टॉवेल दाबत होती. ते शेजारी येऊन उभे राहिले तरी तिने काम थांबवलं नाही, ओला डाग सुकू देता येत नाही म्हणून.

"बाई, तुम्हाला एक सांगायचंय," ते म्हणाले. "चिखल मीच लावला होता. आणि तुमच्याकडे गाडी आणली ती... धुताना झालं असं म्हणता येईल म्हणून. तुम्ही बोलला नसतात तर मी गप्पच राहणार होतो."

"ठाऊक आहे मला, काका," ती म्हणाली.

"रागावला नाहीत?"

तिने टॉवेल उचलला, घडी बदलली, पुढच्या जागी ठेवला. "रागावले. चार दिवस रागावले. पण मी तरी काय, मागच्या दाराने पळून जाणार होते. टॅक्सी दोन मिनिटं उशिरा आली असती तर तुम्हाला मी दिसलेच नसते."

ते थोडे हसले. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, अर्ध्या तासाचं काम."

"भीती वाटते?"

"फार."

"मलाही वाटते, काका. रोज, पाणी मारायच्या आधी," ती म्हणाली. "तुम्ही जरा त्या बाजूला व्हा, तुमच्या शर्टाचं बटण दरवाजाला लागेल."

ते घाईघाईने दोन पावलं मागे सरले, आणि तिचं पुसणं पूर्ण होईपर्यंत तिथेच उभे राहून बघत राहिले.