प्लेट तुटली का?

आमच्या बारामतीच्या लॅबमध्ये दोन गोष्टींचा ढीग साचतो: तुटलेल्या प्लेटांचा आणि किश्श्यांचा. पहिला भंगारवालाही नेत नाही, म्हणून दुसरा वाटत सुटते! सहज न तुटणारं सिरॅमिक बनवणं हा माझा पीएचडीचा विषय. त्यामुळे दिवसभर मी सिरॅमिक तोडत असते.

*

सुट्टीत गावी, डाळजला गेले तेव्हा वडिलांना, म्हणजे आबांना, समजावलं. सिरॅमिकच्या पातळ चकत्या एकावर एक रचायच्या, मधे मुद्दाम ग्रॅफाइटचा कच्चा थर द्यायचा आणि भट्टीत दाबून भाजायचं. तडा त्या कच्च्या थरात शिरून आडवा पळतो, प्लेटचे दोन तुकडे होत नाहीत.

आबा म्हणाले, "म्हंजी मजबूत करायला मधी कच्चं ठिवायचं?"

"व्हय आबा."

"आन हे शिकायला पाच वर्सं?"

मलाच शंका आली.

*

वालचंदनगरच्या कारखान्यातून एक इंजिनिअर लॅब बघायला आले. माझ्या गाईड सरांनी तड्यांनी भरलेली प्लेट दाखवली. "ही पास." मग सरळ दोन तुकडे झालेली. "ही नापास."

पाहुण्यांनी दोन्ही निरखल्या. "पण फिनिशिंग नापासचं चांगलं हाय!"

*

मग प्लेटा फटाफट तुटू लागल्या. त्याही फक्त सोमवारी रचलेल्या! सरांनी पावडर बदलली, तापमान बदललं, मला तर गाईडच बदलावासा वाटू लागला. मुदतवाढीसाठी एक तरी धड प्लेट हवी होती, नाहीतर पीएचडी गेली. रोज रडू यायचं.

एकदा लॅब सांभाळणारे तात्या सहज बोलले, "मॅडम, शनिवारी सुकाय ठिवलेल्या तुमच्या चकत्यांवर लय काळं बसतं. सोमवारी सकाळी मी समदं पुसून घेतो."

ते काळं म्हणजे आमचा ग्रॅफाइटचा थर!

सर मटकन खुर्चीत बसले. "तात्या, तुम्हाला काय म्हणू मी?"

"ऱ्हाऊ द्या सर, आभार कशाला? ड्युटीच हाय!"

*

मुदतवाढीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी समितीसमोर नवी प्लेट यंत्राखाली ठेवली. टक्! एक थर तडकला, भार उतरला, पुन्हा चढला. टक्!

समितीतल्या बाईंनी विचारलं, "तुटली का?"

"तुटतेय," सर म्हणाले.

दहा मिनिटांनी, "आता?"

"अजून तुटतेय."

यंत्र थांबलं, प्लेट वाकडी झाली, पण एकसंध राहिली. बाईंनी सही केली.

अर्ज घेऊन आम्ही ऑफिसात धावलो. क्लार्क म्हणाला, "'नमुना तुटल्याची वेळ' हा रकाना रिकामा हाय. असा अर्ज घेता येत न्हाय."

"अहो, तुटलाच नाही!"

"मग टेस्ट झाली असं कसं म्हणायचं?"

पाच वाजत आले होते. सरांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं, "काम चालू आहे."

क्लार्कनं शिक्का मारला!